अँटिव्हायरसची मुदत संपताना: नूतनीकरण करावे, दुसरा घ्यावा, की विंडोजवर सोपवावे?

संगणकाच्या पडद्यावर उजव्या कोपऱ्यात 'आपल्या संरक्षणाचे ३० दिवस उरले आहेत' अशी सूचना येऊ लागली, की बहुतेक घरांत ती न वाचताच बंद केली जाते. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा येते, पुन्हा बंद केली जाते, आणि महिन्याभराने मुदत खरोखरच संपते तेव्हा ती बंद करण्याची सवय हाताला इतकी लागलेली असते, की मजकूर बदलल्याचे कोणाच्या ध्यानातही येत नाही. माझी एक आत्या कराडला राहते. ती निवृत्त शिक्षिका असून विजेचे बिल भरणे, निवृत्तिवेतनाची नोंद पाहणे, नातवंडांचे फोटो साठवणे आणि महिला मंडळाची पत्रे लिहिणे एवढ्यासाठी संगणक वापरते. २०२५ च्या दिवाळीत मी तो संगणक उघडून पाहिला, तेव्हा दुकानदाराने तीन वर्षांसाठी घालून दिलेल्या अँटिव्हायरसची मुदत संपून आठ महिने झाले होते. "अरे, खाली त्याची खूण दिसते की, म्हणजे चालू आहे," असे ती म्हणाली. तिचे म्हणणे स्वाभाविक होते, कारण खूण खरोखरच तिथे होती; फक्त तिच्या कडेला एक बारीक लाल फुली होती.

मुदत संपत आली, की आपल्यापुढे तीन मार्ग असतात. आहे त्याच सॉफ्टवेअरचे नूतनीकरण करता येते, दुसऱ्या कंपनीचे घेता येते, किंवा दोन्ही न करता विंडोजमध्ये मुळातच असलेल्या डिफेंडर या मायक्रोसॉफ्टच्या अँटिव्हायरसवर काम सोपवता येते. घर, संगणक आणि वापर यांनुसार या तिन्हींपैकी कोणताही मार्ग योग्य ठरू शकतो. पण बहुसंख्य घरांत प्रत्यक्षात निवडला जातो तो चौथाच मार्ग, म्हणजे मुदत संपलेले सॉफ्टवेअर जागच्या जागी तसेच राहू देणे, आणि तेवढा एकच मार्ग सर्व परिस्थितींत चुकीचा आहे. या लेखाचा सगळा खटाटोप तो टाळण्यासाठी आहे.

तो चुकीचा का, हे समजण्यासाठी अँटिव्हायरस काम कसे करतो ते थोडक्यात पाहावे लागेल. तपासणी करणारे यंत्र आणि घातक फायलींच्या खुणांची सतत वाढत जाणारी यादी असे त्याचे ढोबळमानाने दोन भाग असतात. मुदत संपल्यावर ही यादी ताजी होणे थांबते. काही उत्पादने जुन्या यादीवर तपासणी करत राहतात, तर काही तपासणीच बंद करतात. दुसरीकडे, बाहेरचा अँटिव्हायरस बसवला, की त्याच्याशी भांडण होऊ नये म्हणून विंडोजचा डिफेंडर आपण होऊन बाजूला होतो. बाहेरच्या अँटिव्हायरसची मुदत संपली किंवा तो काढून टाकला, की डिफेंडरने पुन्हा जागे व्हावे, अशी मायक्रोसॉफ्टने केलेली व्यवस्था आहे, आणि काढून टाकल्यावर तो जागा होतो असा माझाही अनुभव आहे. परंतु मुदत संपलेले सॉफ्टवेअर संगणकावर बसूनच राहिले, तर ही अदलाबदल प्रत्येक वेळी विनासायास होते असे गृहीत धरू नये. आत्याच्या संगणकावर ती झालेली नव्हती. पहारेकऱ्याची मुदत संपली होती आणि घरचा माणूस, तो आहे असे समजून झोपला होता.

म्हणून कोणताही निर्णय घेण्याआधी, आत्ता या घडीला संरक्षण कोण करत आहे, ते पाहावे. स्टार्ट बटणावर जाऊन 'विंडोज सिक्युरिटी' असे टंकावे, उघडलेल्या खिडकीत खालच्या बाजूच्या 'सेटिंग्ज'मध्ये जावे आणि तिथे 'मॅनेज प्रोव्हायडर्स' हा दुवा उघडावा. संगणकावर नोंदलेल्या प्रत्येक अँटिव्हायरसचे नाव तिथे दिसते आणि तो चालू आहे की बंद, हेही लिहिलेले असते. कोपऱ्यातल्या खुणेपेक्षा या पानावर विश्वास ठेवावा.

त्यानंतर विंडोजची आवृत्ती पाहावी. विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबून 'विनव्हर' ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत टंकली, की ती कळते. अँटिव्हायरसच्या निर्णयात ही गोष्ट पहिली का, असा प्रश्न पडेल, म्हणून एक उदाहरण देतो. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचे खंडणीखोर, म्हणजे फायली कुलूपबंद करून पैसे मागणारे, सॉफ्टवेअर जगभर पसरले. विंडोजमधील ज्या भगदाडातून ते शिरले, ते बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षीच्या मार्चमध्ये, म्हणजे दोन महिने आधीच दिलेले होते. पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, 'नॉटपेट्या'ने हेच भगदाड वापरले आणि उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प झाले. दारच उघडे असलेल्या घरात पहारेकरी कितीही चांगला ठेवला, तरी त्याचा उपयोग मर्यादितच राहतो.

विंडोज ११ असेल आणि अपडेट वेळेवर होत असतील, तर पुढे वाचावे. विंडोज १० असेल, तर थांबून विचार करावा. त्याची नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव अपडेटची सोय ठेवली आहे. मायक्रोसॉफ्टच्या खात्यात संगणकाच्या सेटिंग्ज जतन केल्या, तर तिच्यासाठी पैसे पडत नाहीत. ते नको असल्यास एकदाच ३० डॉलर किंवा मायक्रोसॉफ्टचे १००० रिवॉर्ड पॉइंट देऊनही नोंदणी करता येते. संगणकावर विंडोज १० ची २२एच२ ही आवृत्ती असली पाहिजे, आणि 'विंडोज अपडेट'च्या पानावर नोंदणीचा दुवा दिसतो. डिफेंडरच्या यादीची अपडेट विंडोज १० वर ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहतील, असे मायक्रोसॉफ्टने सांगितले आहे. पण यादी ताजी असणे वेगळे आणि विंडोजमधील भगदाडे बुजवली जाणे वेगळे. विंडोज १० च्या संगणकासाठी तीन वर्षांचा अँटिव्हायरस घेणारे मला अनेक भेटतात आणि प्रत्येक वेळी वाईट वाटते. अशा संगणकासाठी घ्यायचाच असेल, तर एक वर्षाहून अधिक मुदतीचा घेऊ नये, आणि उरलेले पैसे पुढच्या संगणकासाठी ठेवावेत. ज्यांच्याकडे अजून विंडोज ७ आहे, त्यांच्यासाठी तर विंडोजवर सोपवण्याचा मार्गच नाही, कारण त्यातील डिफेंडर केवळ हेरगिरी करणारी सॉफ्टवेअर शोधतो, तो पूर्ण अँटिव्हायरस नाही. अशा संगणकावर बँकेचे व्यवहार करू नयेत, एवढेच सांगता येते.

सूचना खरी आहे का?

मुदत संपल्याची सूचना ही फसवणूक करणाऱ्यांची आवडती जागा आहे, कारण तिच्यात भीती आणि घाई दोन्ही आयतीच मिळतात. दोन प्रकार वारंवार दिसतात. पहिल्या प्रकारात पडद्याच्या कोपऱ्यात एखाद्या प्रसिद्ध कंपनीच्या चिन्हासह 'आपल्या संगणकात ५ व्हायरस सापडले, मुदत आजच संपली' अशी चौकट येते, आणि ती त्या कंपनीचे सॉफ्टवेअर संगणकावर कधीही नसताना येते. ही चौकट बहुधा ब्राउझरमधून आलेली असते: कधीतरी एखाद्या संकेतस्थळाने सूचना पाठवण्याची परवानगी मागितलेली असते आणि आपण 'अलाउ' दाबलेले असते. चौकटीत बारीक अक्षरांत क्रोम किंवा एजचे नाव दिसले, की हाच प्रकार समजावा. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये सूचनांच्या परवानग्यांची यादी असते. तिथून अनोळखी संकेतस्थळे काढून टाकली, की चौकटी थांबतात. संगणक दुरुस्तीला न्यावा लागत नाही.

दुसरा प्रकार अधिक घातक आहे. 'आपल्या अँटिव्हायरसचे नूतनीकरण झाले असून खात्यातून अमुक रक्कम वजा होत आहे, रद्द करण्यासाठी या क्रमांकावर फोन करा' असा ईमेल येतो. रक्कम मोठी असते, म्हणून माणूस घाबरून फोन करतो. पलीकडची व्यक्ती पैसे परत देण्याच्या बहाण्याने संगणकाचा ताबा देणारे ॲप घालायला लावते आणि मग बँकेचे खाते उघडायला सांगते. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या ज्येष्ठ नातेवाइकांनाही हे ईमेल नेहमी येतात, तेव्हा त्यांनाही ही गोष्ट फोनवर समजावून सांगावी. नूतनीकरणाची खरी स्थिती जाणून घ्यायची असेल, तर सॉफ्टवेअर उघडून त्यातल्या परवान्याच्या पानावर पाहावी, किंवा कंपनीचे संकेतस्थळ स्वतः पत्ता टंकून उघडावे. ईमेलमधला दुवा किंवा क्रमांक वापरू नये. चूक झालीच, तर आधी बँकेला कळवावे, कारण कळवल्यानंतर होणाऱ्या नुकसानीची जबाबदारी रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार बँकेवर येते, आणि लगेच सायबर फसवणुकीसाठी असलेल्या १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. इथे लाज बाळगण्यात जाणारा प्रत्येक तास महाग पडतो.

विंडोजचा स्वतःचा डिफेंडर पुरेसा आहे का?

या प्रश्नावर दुकानदार आणि इंटरनेट एकमेकांच्या अगदी विरुद्ध उत्तरे देतात. जुन्या मतांमागे कारण आहे. डिफेंडर २००६ मध्ये आला तेव्हा तो केवळ हेरगिरी करणारी सॉफ्टवेअर पकडत असे. २०१२ च्या विंडोज ८ पासून तो पूर्ण अँटिव्हायरस झाला आणि त्यानंतरही काही वर्षे तो मागे होता. आज तसे म्हणता येत नाही. जर्मनीतील माग्डेबर्गची एव्ही-टेस्ट ही संस्था संरक्षण, संगणकाच्या वेगावरील परिणाम आणि वापरातील सोय यांना प्रत्येकी ६ असे एकूण १८ गुण देते, आणि तिच्या अलीकडच्या चाचण्यांत डिफेंडरला वारंवार पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण गुण मिळाले आहेत. ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथील एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज या दुसऱ्या संस्थेच्या चाचण्या अधिक बारकाईने वाचण्यासारख्या आहेत, कारण इंटरनेट जोडलेले असताना आणि नसताना असे ओळखीचे प्रमाण ती वेगवेगळे देते. तिथे डिफेंडरची एक उणीव दिसते: त्याची बरीचशी ताकद मायक्रोसॉफ्टच्या दूरच्या सर्व्हरला विचारून निर्णय घेण्यात असल्यामुळे, इंटरनेट नसताना त्याची पकड इतर काही उत्पादनांपेक्षा ढिली पडते. फायली कॉपी करतानाही तो काही प्रतिस्पर्ध्यांपेक्षा अधिक जड जातो. दोन्ही संस्थांचे अहवाल त्यांच्या संकेतस्थळांवर विनामूल्य वाचायला मिळतात. कोणाच्या जाहिरातीतले पदकाचे चित्र पाहून निर्णय घेण्यापेक्षा, आपण घेणार आहोत त्या उत्पादनाचे गेल्या वर्षभरातील सलग निकाल तिथे पाहावेत. एका महिन्याच्या अव्वल क्रमांकापेक्षा वर्षभराचे सातत्य महत्त्वाचे असते.

त्यामुळे माझे स्पष्ट मत असे आहे, की विंडोज ११ असलेला, अपडेट होणारा, बहुतांश वेळ इंटरनेटला जोडलेला संगणक जर घरातील एक-दोन जाणती माणसे वापरत असतील, आणि ती क्रॅक केलेली, म्हणजे परवान्याचे कुलूप तोडलेली, सॉफ्टवेअर उतरवत नसतील, तर नूतनीकरणाचे पैसे वाचवण्यात कोणताही निष्काळजीपणा नाही. ते पैसे बाहेरची हार्ड डिस्क घेऊन तिच्यावर फोटो आणि कागदपत्रांची प्रत ठेवण्यासाठी वापरले, तर खंडणीखोर सॉफ्टवेअरविरुद्ध त्यांचा अधिक उपयोग होईल. मात्र प्रत घेऊन झाली, की डिस्क संगणकापासून काढून ठेवली पाहिजे. जोडलेली राहिली, तर तिच्यावरील फायलीही कुलूपबंद होतात.

पैसे देण्यासारखी परिस्थिती वेगळी असते, आणि महाराष्ट्रातल्या लहान गावांत ती पुष्कळदा असते. झेरॉक्सच्या दुकानात किंवा सेवा केंद्रात अर्ज छापायला नेलेला पेन ड्राइव्ह घरी परत येतो तेव्हा सगळे फोल्डर शॉर्टकट होऊन बसलेले असतात, हा अनुभव ज्यांच्या घरी मुले महाविद्यालयात आहेत त्यांनी बहुधा घेतलेला असेल. जिथे पेन ड्राइव्हची ये-जा रोजची आहे आणि इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर अधूनमधूनच मिळते, तिथे डिफेंडरची वर सांगितलेली उणीव नेमकी आड येते, आणि जोडल्याबरोबर पेन ड्राइव्ह तपासणारा, इंटरनेटशिवायही चांगली ओळख असणारा अँटिव्हायरस उपयोगी ठरतो. घरच्याच संगणकावर दुकानाचे किंवा दवाखान्याचे हिशेब असतील, डिजिटल स्वाक्षरीचे टोकन लावून विवरणपत्रे भरली जात असतील, तर नुकसानीची किंमत इतकी मोठी असते, की वर्षाची वर्गणी भरताना हात आखडू नये. आणि तिसरे कारण मदतीचे आहे. एकट्या राहणाऱ्या वडीलधाऱ्यांना अडचण आली तर फोनवर मराठीत किंवा हिंदीत बोलणारे कोणी मिळणे, किंवा जवळच्या दुकानातला माणूस घरी येणे, ही सोय तांत्रिक गुणांच्या तक्त्यात बसत नाही, पण खरी आहे. पुण्यात संगणक दुरुस्तीच्या लहान व्यवसायातून कैलाश आणि संजय काटकर या बंधूंनी उभी केलेली क्विक हील आपल्याकडे घरोघरी पोहोचली, त्यात गावोगावच्या अशा विक्रेत्यांचा वाटा मोठा आहे. तरीही देशी असो वा परदेशी, निवड चाचणीचे निकाल आणि आपली गरज पाहूनच करावी.

नूतनीकरणाचा हिशेब

नूतनीकरण करायचे ठरले, तर आधी किंमत एका संगणकाला एका वर्षाला किती पडते, या रूपात मांडावी. समजा, एका संगणकाच्या एका वर्षासाठी ६०० रुपये आणि तीन संगणकांच्या तीन वर्षांसाठी २७०० रुपये असा भाव आहे; तर दुसऱ्या प्रकारात एका संगणकाचे एक वर्ष ३०० रुपयांना पडते. पण घरात संगणक एकच असेल, तर याच 'स्वस्त' पर्यायात वर्षाला ९०० रुपये जातात. सॉफ्टवेअरवर १८ टक्के जीएसटी असतो. दाखवलेल्या किमतीत तो धरला आहे का, ते पाहावे. त्यानंतर त्याच उत्पादनाच्या नव्या परवान्याची किंमत दुकानात विचारावी. अनेकदा नवा परवाना नूतनीकरणापेक्षा स्वस्त मिळतो, कारण कंपन्यांची सवलत नव्या ग्राहकासाठी असते आणि जुना ग्राहक राहीलच असे गृहीत धरलेले असते. मुदत संपण्याआधी नूतनीकरण केले, तर उरलेले दिवस नव्या मुदतीत मिळतात का, हेही पैसे भरण्याआधी विचारावे. परदेशातील मुलांनी तिथून परवाना घेऊन आई-वडिलांसाठी पाठवण्याआधी एक खात्री करावी, कारण काही कंपन्यांचे परवाने विशिष्ट प्रदेशातच सक्रिय होतात.

संकेतस्थळावर पैसे भरताना सगळ्यात महत्त्वाची ओळ सगळ्यात बारीक अक्षरांत असते: पहिल्या वर्षानंतर कोणत्या दराने आपोआप नूतनीकरण होईल, ही. भारतीय बँकांच्या कार्डांसाठी १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार अशी आवर्ती रक्कम वजा होण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना मिळते आणि त्याला ती नाकारता येते. हा संदेश बँकेकडून येतो, त्यामुळे तो वाचल्याशिवाय पुसू नये. खरेदीच्या यादीत न मागितलेले व्हीपीएन (इंटरनेटची जोडणी खासगी ठेवणारी सेवा) किंवा 'संगणक वेगवान करणारे' साधन आपोआप टाकलेले असेल, खोट्या घड्याळाने घाई केली जात असेल, किंवा वर्गणी रद्द करण्याचे बटण सापडतच नसेल, तर या सर्व गोष्टी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत अनुचित ठरवल्या आहेत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक त्यासाठीच आहे.

किंमत योग्य असूनही एखादे सॉफ्टवेअर सोडावे, अशी दोन कारणे मी मानतो. पहिले, संगणक त्याच्यामुळे रखडत असेल तर. पण हे ठरवण्याआधी, संगणकाचा कोणता भाग किती वापरात आहे ते दाखवणाऱ्या विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा रकाना पाहावा. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचा वापर सतत १०० टक्क्यांवर असेल, तर दोष बहुतेक वेळा डिस्कचा असतो. ती बदलून एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवली, तर कोणताही अँटिव्हायरस सुसह्य होतो. दुसरे कारण विश्वासाचे. अँटिव्हायरसला संगणकातील प्रत्येक फाइल आणि अनेकदा प्रत्येक संकेतस्थळ पाहण्याची मुभा आपण देतो. अव्हास्ट कंपनीने आपल्या उपकंपनीमार्फत वापरकर्त्यांच्या संकेतस्थळभेटींची माहिती विकल्याबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे तिथल्या ग्राहकहिताच्या सरकारी संस्थेने, २०२४ मध्ये १ कोटी ६५ लाख डॉलरची वसुली केली, आणि ती उपकंपनी २०२० मध्येच बंद झाली होती. आता अव्हास्ट, एव्हीजी, अविरा आणि नॉर्टन ही चारही नावे जेन डिजिटल या एकाच कंपनीची आहेत. एक सोडून दुसरे घेताना आपण खरोखरच कंपनी बदलतो आहोत का, हे त्यामुळे पाहावे लागते. अमेरिकेतील मराठी कुटुंबांनी २०२४ मध्ये आणखी एक गोष्ट अनुभवली असेल: कॅस्परस्की या रशियन कंपनीच्या अँटिव्हायरसवर तिथल्या सरकारने बंदी घातल्यानंतर सप्टेंबरमध्ये अनेकांच्या संगणकांवर त्या जागी अल्ट्राएव्ही नावाचे सॉफ्टवेअर आपोआप बसले. पहारेकरी परस्पर बदलला जाणे मला तरी मान्य होण्यासारखे वाटत नाही, आणि असे झाले तर ते काढून स्वतः निवड करावी.

बदल करण्याचा क्रम

एका संगणकावर दोन अँटिव्हायरस कधीही एकाच वेळी चालवू नयेत. दोघेही प्रत्येक फाइल उघडताना अडवतात, एकमेकांच्या फायलींना संशयित समजतात आणि संगणक गोठतो. म्हणून क्रम पाळावा. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये पासवर्ड साठवलेले असतील, तर ते आधी बाहेर काढून सुरक्षित ठेवावेत. हे विसरल्यामुळे पंचाईत झालेली माणसे मी पाहिली आहेत. मग महत्त्वाच्या फायलींची प्रत घ्यावी. नव्या सॉफ्टवेअरची फाइल कंपनीच्याच संकेतस्थळावरून उतरवून घ्यावी, परवाना क्रमांक कागदावर लिहावा, आणि त्यानंतरच जुने सॉफ्टवेअर विंडोजच्या ॲप्सच्या यादीतून काढून संगणक पुन्हा सुरू करावा. अनेक कंपन्या अवशेष साफ करणारे स्वतंत्र साधन देतात. तेही चालवावे, कारण मुदत संपलेल्या सॉफ्टवेअरचे उरलेले तुकडे कधीकधी डिफेंडरला जागे होऊ देत नाहीत. पुन्हा एकदा संगणक सुरू करून 'मॅनेज प्रोव्हायडर्स'चे पान पाहावे. तिथे डिफेंडर चालू दिसला पाहिजे. मग नवे बसवायचे असल्यास बसवावे, यादी ताजी करावी आणि संपूर्ण तपासणी रात्रभर चालू द्यावी.

एक गोष्ट स्वतंत्रपणे सांगतो, कारण ती फार जण चुकवतात: सॉफ्टवेअर संगणकावरून काढल्याने वर्गणी रद्द होत नाही. कंपनीच्या खात्यात जाऊन आपोआप होणारे नूतनीकरण बंद करावे, आणि बँकेच्या ॲपमध्ये आवर्ती व्यवहारांच्या यादीतूनही ते काढावे.

संरक्षण खरोखर चालू आहे का, हे पाहण्यासाठी आयकार नावाची ६८ अक्षरांची निरुपद्रवी चाचणी-फाइल असते. अँटिव्हायरस बनवणाऱ्यांनी आपापसांत ठरवून ती धोकादायक म्हणून ओळखायची असा संकेत केला आहे. आयकार संस्थेच्या संकेतस्थळावरून ती उतरवण्याचा प्रयत्न केला, की अँटिव्हायरसने ती अडवली पाहिजे. अडवली नाही, तर तपासणी चालू नाही असे समजावे.

डिफेंडरवरच राहायचे ठरले, तर दोन गोष्टी पाहाव्यात आणि बंद असल्यास हाताने चालू कराव्यात. 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'च्या पानावर खाली खंडणीखोर सॉफ्टवेअरपासून संरक्षणाचा भाग आहे. तिथले 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' चालू केले, की अनोळखी प्रोग्रामला डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्समधील फायली बदलता येत नाहीत. सुरुवातीला एखादा जुना मराठी टंकलेखनाचा किंवा हिशेबाचा प्रोग्राम फाइल जतन करताना अडखळेल. त्याला त्याच पानावर नावाने परवानगी द्यावी. दुसरी गोष्ट म्हणजे 'ॲप अँड ब्राउझर कंट्रोल'मधील नको असलेल्या ॲप्सना अडवण्याची सोय. फुकट सॉफ्टवेअरबरोबर चोरपावलांनी येणारी ॲप्स तिथेच थांबतात. मॅक संगणकांत अशी तपासणी ॲपलने मुळातच ठेवलेली असते, आणि अँड्रॉइड फोनसाठी प्ले स्टोअरबाहेरून ॲप न घेणे हेच बहुतेकांना पुरते. म्हणून केवळ 'फोनही मोजला जातो' एवढ्यासाठी महागडी योजना घेऊ नये.

आत्याच्या संगणकाचे आम्ही काय केले, तेही सांगतो. तो २०१६ चा असल्यामुळे विंडोज ११ घेऊ शकत नव्हता. जुना अँटिव्हायरस पूर्णपणे काढला, डिफेंडर चालू झाल्याची खात्री केली, विंडोज १० च्या वाढीव अपडेटसाठी नोंदणी केली आणि फोटोंची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेऊन ती डिस्क कपाटात ठेवली. नूतनीकरणाचे पैसे एसएसडीसाठी वापरले. वाढीव अपडेटची शेवटची तारीख १३ ऑक्टोबर २०२६ आहे, म्हणून नवे कालनिर्णय घरी आले तेव्हा सप्टेंबरच्या पानावर, एक महिना आधीच्या चौकोनात, आत्याने स्वतःच्या अक्षरात 'नव्या संगणकाचे बघणे' असे लिहून ठेवले आहे.